चालू खाते बदलावे, की जोडीला दुसरे काढावे?

या वेळच्या पत्रांत नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या व्यावसायिकांची पत्रे जास्त आहेत. बहुतेकांचा प्रश्न एकच: बँकेचा माणूस दुकानात येऊन नवे चालू खाते काढा म्हणतो, तर काढावे का? प्रत्येकाचा धंदा वेगळा असल्याने उत्तरेही वेगवेगळी आली आहेत.

प्रश्न : रविवार कारंजा परिसरात माझे स्टेशनरी-कटलरीचे दुकान आहे. आठ वर्षांपासून एकाच बँकेत चालू खाते आहे. किमान सरासरी शिल्लक १०,००० रुपये. महिन्याला २ लाखांपर्यंत रोख भरणा मोफत, त्यापुढे हजारी ३ रुपये. माझा रोख भरणा महिन्याला साधारण ९ लाख, यूपीआयने ५ लाख येतात. आता एक खासगी बँक १ लाख शिल्लक ठेवा, १२ लाखांपर्यंत भरणा मोफत, असे सांगते आहे. खाते बदलावे का?

उत्तर : तुम्ही आकडे दिलेत हे उत्तम. बहुतेक जण फक्त किमान शिलकीचा आकडा पाहून ठरवतात आणि तिथेच चुकतात. १ लाख ऐकून घाबरायला होते, १० हजार ऐकून बरे वाटते. पण खात्याचा खरा खर्च शिलकीच्या आकड्यात दिसत नाही, तो भरण्याच्या आकारात दडलेला असतो.

सध्याच्या खात्यावर ९ लाखांपैकी ७ लाखांना आकार लागतो. हजारी ३ प्रमाणे २,१०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३७८, म्हणजे महिन्याला २,४७८. नव्या खात्यात हा खर्च शून्य, पण ९० हजार रुपये जास्तीचे अडकून पडतील. ते ठेवीत असते तर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ५,८५०, म्हणजे महिन्याला ४८७ रुपये मिळाले असते. चालू खात्यावर व्याज नसल्याने हा तुमचा न दिसणारा खर्च. जीएसटी बाजूला ठेवला तरी नवे खाते महिन्याला सुमारे १,६०० रुपयांनी स्वस्त पडते. मात्र तुमच्यावर कर्ज असेल, किंवा माल रोखीने उचलल्यावर घाऊक व्यापारी टक्काभर सूट देत असेल, तर त्या ९० हजारांची किंमत साडेसहा टक्क्यांहून बरीच जास्त धरावी लागेल. मग गणित उलटूही शकते.

सरासरी शिलकीबद्दल एक मोठा गैरसमज आहे. १ लाख सरासरी म्हणजे रोज १ लाख हवेतच असे नाही. रोज रात्रीची शिल्लक मांडून बेरीज करतात आणि तिला महिन्याच्या दिवसांनी भागतात. वीस दिवस २० हजार आणि दहा दिवस २ लाख ६० हजार राहिले, तरी सरासरी १ लाखच भरते. उलट, दुपारी ३ लाख भरले आणि चारला आरटीजीएसने व्यापाऱ्याला पाठवले, तर त्या दिवसाच्या हिशेबात ते धरले जात नाहीत. शनिवारी रात्री जी शिल्लक असेल तीच रविवारीही मोजली जाते, त्यामुळे मोठे पेमेंट शनिवारी संध्याकाळऐवजी सोमवारी सकाळी केले तरी सरासरीला दोन दिवसांचा हातभार लागतो. काही बँका सरासरी तिमाहीवर काढतात. दिवाळी किंवा शाळा उघडायच्या सुमाराला ज्यांचा गल्ला भरतो त्यांना तिमाही सरासरी सोयीची पडते.

सही करण्याआधी आकारांचा छापील तक्ता मागून घ्या. तोंडी सांगितलेले धरू नका. त्यात चार गोष्टी शोधा. १२ लाखांचा मोफत भरणा फक्त मूळ शाखेत, की कुठल्याही शाखेत आणि भरणा यंत्रातही? दहा-वीसच्या नोटा आणि नाण्यांना वेगळा आकार आहे का? स्टेशनरीच्या दुकानात सुट्टे जास्त, म्हणून हे तुम्हाला नक्की लागेल. एखाद्या महिन्यात सरासरी कमी पडली तर फक्त दंड, की त्या महिन्याच्या मोफत सवलतीही रद्द? ही अट बारीक अक्षरात असते आणि खरा फटका तीच देते. आणि पहिल्या वर्षात खाते बंद केले तर आकार किती?

पण या सगळ्याआधी एक सोपा उपाय करून पाहा. तुमच्याच बँकेत जाऊन वरच्या प्रकारचे चालू खाते मागा. जवळजवळ प्रत्येक बँकेकडे चालू खात्याचे तीन-चार प्रकार असतात. प्रकार बदलला तरी खाते क्रमांक सहसा तोच राहतो, म्हणून चेकबुक, क्यूआर, जीएसटीची नोंद, गिऱ्हाइकांना दिलेला क्रमांक, काहीच हलत नाही. आठ वर्षांचा उतारा उद्या कर्ज मागताना कामाला येतो तो वेगळाच. बँक ऐकत नसेल तर नवे खाते काढून रोख भरणा तिकडे वळवा आणि जुने १० हजारांचे खाते यूपीआयसाठी राहू द्या. एवढ्या कमी शिलकीचे खाते बंद करण्यात काही हशील नाही.

बँकेत तुमचा जीएसटी क्रमांक नोंदला आहे का, तेही विचारा. नोंद नसेल तर बँकेच्या आकारांवरचा १८ टक्के कर तुमच्या इनपुट क्रेडिटमध्ये (खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीत) दिसत नाही. कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांच्या ठोक दराच्या जीएसटी योजनेत) असाल तर हे क्रेडिट मिळणारच नाही, मग हिशेबात पूर्ण २,४७८ धरा.

प्रश्न : अंबड एमआयडीसीत माझे मशिनिंगचे जॉबवर्क आहे. एका बँकेत ४० लाखांचे कॅश क्रेडिट (सीसी, म्हणजे लागेल तसे उचलायचे खेळते कर्ज) आहे, वर्षाची उलाढाल २ कोटी. दुसऱ्या बँकेत साधे चालू खाते काढता येईल का? तिथली ऑनलाइन सेवा चांगली आहे.

उत्तर : काढता येईल. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जदारांच्या चालू खात्यांवर निर्बंध आणले, तेव्हा बऱ्याच छोट्या उद्योजकांची खाती अडकली होती. पुढे नियम टप्प्याटप्प्याने सैल झाले. तुमचे कर्ज नियमातल्या मर्यादेच्या बरेच आत आहे, त्यामुळे नियमाची आडकाठी नाही. मात्र नवी बँक कर्जाची माहिती आणि हमीपत्र मागेल. ते खरे लिहून द्या, कारण क्रेडिट ब्युरोत सगळे दिसतेच.

नियम आडवा येत नसला तरी खाते काढण्यात तुमचा फायदा दिसत नाही. कॅश क्रेडिटवर तुम्ही समजा साडेदहा टक्के व्याज भरता. दुसऱ्या खात्यात सरासरी ३ लाख पडून राहिले, तर इकडे तेवढ्याच रकमेवर महिन्याला २,६२५ रुपये व्याज चालू राहते. ज्याच्याकडे सीसी आहे त्याने येणारा प्रत्येक रुपया आधी सीसीत टाकायचा असतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा नूतनीकरणाचा. छोट्या उद्योगांची मर्यादा बँका बहुधा अपेक्षित उलाढालीच्या २० टक्के धरतात. तुमचे २ कोटींवर ४० लाख नेमके तसेच आले आहेत. नूतनीकरणाच्या वेळी जीएसटी विवरणातली विक्री आणि खात्यात जमा झालेली रक्कम शेजारी ठेवून पाहिली जाते. निम्मी वसुली दुसऱ्या खात्यात गेलेली दिसली की शाखाधिकारी विचारणारच. मंजुरीपत्रात 'सर्व व्यवहार आमच्याच खात्यातून' अशी अट असेल, आणि बहुधा असतेच, तर अटभंग म्हणून व्याजदर वाढवायलाही त्यांना वाव मिळतो.

सेवा खरोखरच वाईट असेल तर अर्धवट काही करू नका, सीसीसकट बँक बदला. ती प्रक्रिया अशी: नवी बँक मंजुरीपत्र देते, जुनी बँक थकबाकीचे पत्र देते, नवी बँक ती रक्कम थेट जुन्या बँकेला पाठवते, मग जुनी बँक नाहरकत पत्र आणि तारणाची कागदपत्रे सोडते. कागद पुष्कळदा शाखेत नसून दुसऱ्या कार्यालयात ठेवलेले असतात, म्हणून वेळ लागतो. हे आधीच विचारून ठेवा. मुदतपूर्व परतफेडीच्या आकाराची भीती आता कमी झाली आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकृत झालेल्या, बदलत्या व्याजदराच्या व्यवसायकर्जावर व्यापारी बँका सूक्ष्म व लघु उद्योगांकडून हा आकार घेऊ शकत नाहीत. छोट्या वित्त बँका आणि काही सहकारी बँकांसाठी मर्यादा वेगळी आहे. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केलेली नसेल तर आधी करा, सूक्ष्म-लघु असल्याचा पुरावा तोच. सर्वांत सोयीची वेळ म्हणजे सीसीची मुदत संपताना. नूतनीकरण नको, असे मंजुरीपत्रात दिलेल्या मुदतीआधी लेखी कळवा, पोच घ्या आणि मुदतीच्या दिवशी खाते चुकते करा.

आणि या सगळ्या काळात स्टॉक स्टेटमेंट (बँकेला द्यायचे मालसाठ्याचे पत्रक) चुकवू नका. निघायचेच आहे म्हणून ते द्यायचे राहिले, बँकेने ड्रॉइंग पॉवर (सीसीतून उचलता येणारी रक्कम) कमी केली आणि पगाराच्या दिवशी चेक परत गेला, अशी फजिती होते.

प्रश्न : पिंपळगाव बसवंत बाजार समितीत कांद्याची खरेदी करतो. शेतकऱ्यांना देण्यासाठी रोख लागते. वर्षात १ कोटीपेक्षा जास्त काढली तर कर कापतात, म्हणून दोन-तीन बँकांत चालू खाती काढावीत असे काहींनी सुचवले. बरोबर आहे का?

उत्तर : गणित म्हणून बरोबर, उपाय म्हणून उगाच खर्चिक. कलम १९४एन या नावाने व्यापाऱ्यांच्या तोंडी बसलेला हा नियम दर बँकेला वेगळा लागतो. एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या खात्यांतून आर्थिक वर्षात मिळून १ कोटीपर्यंत काढले तर कपात नाही, वरच्या रकमेवर २ टक्के. साडेतीन कोटी काढले तर अडीच कोटींवर ५ लाख कापले जातात. विवरणपत्र भरल्यावर ते जमेस धरले जातात हे खरे, पण तोवर भरहंगामात ५ लाख अडकतात. कांद्याच्या व्यापारात ते परवडत नाही.

मात्र बाजार समितीत नोंदणी असलेल्या व्यापारी-आडत्यांना सरकारने सप्टेंबर २०१९ च्या अधिसूचनेने यातून सूट दिली. त्यासाठी ज्या खात्यातून १ कोटीपेक्षा जास्त रोख काढणार त्याचा क्रमांक आणि पॅन बँकेला लेखी कळवायचे आणि ही रक्कम शेतमालाच्या खरेदीपोटी शेतकऱ्यांना देण्यासाठी आहे असे प्रमाणित करायचे. सोबत समितीचा चालू परवाना जोडा. नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, म्हणून पत्राचा मसुदा सीएकडून तपासून घ्या आणि बँकेची पोच आल्याशिवाय कोटीच्या पुढे जाऊ नका. हे पत्र हंगाम सुरू होण्याआधी द्यायचे. एकदा कापलेली रक्कम शाखा परत करत नाही.

तीन बँकांत खाती काढली तर तीन ठिकाणी सरासरी शिल्लक आणि तीन ठिकाणी रोखीची मागणी नोंदवण्याचा व्याप. वर्षात ५० लाख किंवा जास्त रोख चालू खात्यांतून काढली, की प्रत्येक बँक आयकर खात्याला तसे कळवतेच, त्यामुळे विभागणी करून काही लपतही नाही.

दुसरी बँक हवीच असेल तर कारण वेगळे असावे: लिलावाच्या दिवशी एका शाखेत रोकड कमी पडणे. त्यासाठी दोन बँका पुरेत. शेतकऱ्याला शेतमालापोटी रोख देताना आयकरातली रोख खर्चाची १० हजारांची मर्यादा आड येत नाही, पण एका शेतकऱ्याला एका दिवशी २ लाख किंवा जास्त रोख देऊ नका. तिथे कायदा रोख घेणाऱ्याला धरतो आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा असतो. तेवढ्या मोठ्या पट्ट्यांचे (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांचे) पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यावर करा.

प्रश्न : नाशिकरोडला आमची तीन भागीदारांची फर्म आहे. दुसऱ्या बँकेत खाते काढले, आता जुने बंद करायचे. कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : घाई करू नका, हीच पहिली काळजी. चेकवरच्या तारखेपासून तो तीन महिने चालतो. म्हणून जुन्या खात्याचा शेवटचा चेक ज्या तारखेचा दिला असेल, तिथून तीन महिने खाते उघडे हवे. बंद खात्यावरचा चेक 'खाते बंद' शेऱ्याने परत गेला, तरी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली तो शिल्लक नसल्यासारखाच धरला जातो. परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस येऊ शकते आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. पुरवठादारांकडे पुढच्या तारखांचे चेक असतील तर चेकबुकचे अर्धुक काढा, एकेक क्रमांक शोधा, नव्या बँकेचा चेक देऊन जुना हातात घ्या आणि लगेच रद्द करा. 'फाडून टाका' असे फोनवर सांगून मोकळे होऊ नका.

आता क्रम. आधी नवे खाते पूर्ण सुरू झाले आहे का ते पाहा: चेकबुक आले, नेट बँकिंगवर तिन्ही सह्यांची मंजुरी चालते, एक छोटे पेमेंट जाऊन-येऊन पाहिले. भागीदारीत गाडी इथेच अडते. 'दोघांच्या सहीने' असा ठराव असेल आणि एका भागीदाराचा मोबाइल क्रमांक जुना असेल, तर ओटीपीशिवाय काहीच जात नाही. मग जीएसटी पोर्टलवर नवे खाते जोडा. हा 'नॉन-कोअर' बदल आहे, त्याला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही आणि एकूण १० खाती नोंदवता येतात. खाते फर्मच्या पॅनवर आणि फर्मच्याच नावाने हवे. नावातल्या 'अँड' आणि '&'मुळेही पडताळणी फसते. त्यानंतर आयकर पोर्टलवर खाते पूर्वपडताळणी करून परताव्यासाठी निवडा. उद्यम प्रमाणपत्रातला खाते क्रमांक बदला.

मग गिऱ्हाईक. बिलाच्या नमुन्यात नवे खाते छापा आणि लेटरहेडवर सही-शिक्क्याचे पत्र रद्द केलेल्या चेकसह पाठवा. मोठ्या कंपन्यांचा खरेदी विभाग बँक बदलाच्या मेलकडे संशयाने पाहतो. त्यांचे बरोबर आहे, फसवणुकीची ती नेहमीची वाट. त्यामुळे त्यांच्याकडे हा बदल व्हायला एक बिलिंगचे चक्र जाते असे धरा. क्यूआरचे पैसे कुठल्या खात्यात पडतात ते ॲपमध्ये बदला. फक्त नवा स्टिकर चिकटवून भागत नाही, जुना स्टिकर काउंटरवर राहिला तर पैसे जुन्या खात्यात जातच राहतात. कर्जाचे हप्ते, विमा, महावितरणचे बिल अशा नॅच मंजुऱ्या (खात्यातून रक्कम आपोआप वळती करायला दिलेल्या परवानग्या) आपोआप सरकत नाहीत, प्रत्येक ठिकाणी नवी द्यावी लागते. हप्त्याची नवी मंजुरी नोंदली गेल्याचे पत्र आल्याशिवाय जुन्या खात्यातली शिल्लक काढू नका.

बंद करण्याच्या आदल्या दिवशी उतारे डाउनलोड करा. खाते बंद झाले की नेट बँकिंगही जाते, आणि मग जुन्या उताऱ्यासाठी अर्ज, आकार आणि हेलपाटे. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात, म्हणून आठ वर्षांचे उतारे काढून ठेवले की निश्चिंत. अर्जावर तिन्ही भागीदारांच्या सह्या, उरलेले चेक, कार्ड आणि स्वाइप मशीन परत केल्याची पोच, आणि शेवटी खाते बंद झाल्याचे पत्र.

हेही माहीत असू द्या की अर्ज न करता खाते नुसते सोडून दिले तर दोन वर्षांनी ते निष्क्रिय होते. तोवर किमान शिलकीचा दंड चालू राहतो.

प्रश्न : सिडकोत घरून मसाले-पापड विकते. बचत खात्यातच पैसे घेते. चालेल का?

उत्तर : व्यवसायासाठी बचत खाते वापरायला परवानगी नाही. रोजच्या यूपीआय जमांची संख्या वाढली की बँक विचारते, कधी खाते थांबवतेही. व्यवसायाच्या नावाने चालू खाते काढायला तुमच्या ओळखपत्रांशिवाय व्यवसायाचे दोन पुरावे लागतात. उद्यम नोंदणी मोफत आणि ऑनलाइन होते, दुसरा पुरावा खाद्य परवान्याची नोंदणी किंवा शॉप ॲक्टची पोच. दोन नसतील तर घरी येऊन पडताळणी करून एकावरही बँक खाते देऊ शकते. ५ किंवा १० हजार सरासरी शिलकीचे साधे खाते तुम्हाला पुरेल. रोख भरणा फारसा नाही, मग वरच्या प्रकाराच्या मागे लागू नका.

प्रश्न : कॉलेज रोडला मोबाइल ॲक्सेसरीजचे दुकान आहे. एका गिऱ्हाइकाच्या यूपीआयमुळे पूर्ण चालू खाते गोठले. दुसरे खाते असते तर वाचलो असतो का?

उत्तर : दुसऱ्या बँकेत असते तर दुकान चालू राहिले असते. ज्याची फसवणूक झाली तो १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करतो, पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले तिथवर खूण लागते आणि तुमची बँक ती रक्कम अडवते. कधी कधी वादातली रक्कम १,८०० रुपयांची असते आणि अडकते अख्खे खाते.

बँकेकडे लेखी मागा: तक्रारीचा पोच क्रमांक, राज्य, पोलीस ठाणे आणि वादातली रक्कम. त्याच अर्जात, अडवणूक फक्त तेवढ्या रकमेपुरती ठेवा, अशी विनंती करा. त्या विक्रीचे बिल, तारीख-वेळ आणि असल्यास सीसीटीव्हीचे चित्रण जोडून तीच कागदपत्रे संबंधित पोलीस ठाण्याला ईमेल करा. सीसीटीव्ही बहुतेक दुकानांत पंधरा-तीस दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून चित्रण त्याच दिवशी काढून ठेवा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

'यूपीआय करतो, रोख द्या' असे म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला पैसे देणे मात्र बंद करा. अशा अडकणुकीची मोठी वाट तीच आहे, आणि तिथे दाखवायला बिलही नसते.

प्रश्न : सहकारी बँकेत प्रोप्रायटरी चालू खाते आणि माझे बचत खाते दोन्ही आहेत. ठेव विमा दोन्हींना वेगळा मिळतो का?

उत्तर : नाही. प्रोप्रायटर आणि व्यक्ती कायद्याने एकच, त्यामुळे त्या बँकेतल्या सगळ्या शाखांतली दोन्ही खाती मिळून ५ लाखांचेच संरक्षण, तेही व्याज धरून. भागीदारी फर्म असती तर तिचे ५ लाख वेगळे धरले असते. पतसंस्थेतल्या पैशाला हा विमा नाहीच. बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम मिळायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. तेवढ्या काळातले भाडे, पगार आणि व्यापाऱ्यांची देणी भागतील एवढी रक्कम दुसऱ्या बँकेतल्या खात्यात ठेवा, आणि त्या खात्यातून महिन्याला एखादा तरी चेक किंवा पेमेंट जाऊ द्या.